पॅरासिटामॉलचा डोस जास्त झाल्यास काय करावे

ताप आणि अंगदुखीसाठी घरोघरी ठेवली जाणारी पॅरासिटामॉलची गोळी योग्य प्रमाणात घेतली, तर बहुतेकांना ती मानवते. डोस जास्त झाला, तरी पहिल्या दिवशी थोडी मळमळ किंवा एखादी उलटी यापलीकडे फारसे काही जाणवत नाही, कधी तेवढेही जाणवत नाही, आणि घरचे लोक याच शांततेला फसतात. या औषधापासून यकृतात तयार होणारा विषारी घटक एरवी ग्लुटाथायोन या यकृतातील संरक्षक द्रव्यामुळे निष्प्रभ होतो. तो साठा संपला की यकृताच्या पेशी मरू लागतात, आणि उजव्या बरगडीखालील दुखणे, कावीळ किंवा गुंगी दिसू लागेपर्यंत बहुधा दोन-तीन दिवस उलटलेले असतात. म्हणून लक्षणांची वाट पाहू नये. जास्त डोसचा संशय एवढेच कारण रुग्णालयात जाण्यास पुरेसे आहे.

सर्वप्रथम १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने निघावे. निघताना रिकाम्या स्ट्रिप आणि बाटल्या सोबत घ्याव्यात. कोणते औषध, किती आणि किती वाजता घेतले, तसेच रुग्णाचे अंदाजे वजन कागदावर लिहून घ्यावे. यांपैकी वेळ सर्वांत मोलाची आहे. क्रोसिन, डोलो, कॅल्पॉल यांत पॅरासिटामॉल असते हे अनेकांना ठाऊक असते, पण कॉम्बिफ्लाम आणि सर्दीच्या कित्येक गोळ्यांतही ते असते, हे लक्षात ठेवावे. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास सुरू असतो. मात्र त्या फोनसाठी निघण्यास उशीर करू नये.

घशात बोट घालून किंवा मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, कारण ती श्वासनलिकेत जाऊ शकते आणि मिठाचे पाणी स्वतःच घातक ठरू शकते. दूध, तूप, लिंबूपाणी यांनी हे विष उतरत नाही. रुग्ण बेशुद्ध असेल, तर त्याला कुशीवर वळवावे आणि तोंडाने काहीही देऊ नये.

रुग्णालयात औषध घेतल्यापासून चार तासांनी किंवा त्यानंतर रक्तातील पॅरासिटामॉलची पातळी तपासतात. त्यावरचा उतारा म्हणजे एन-ॲसिटिलसिस्टीन. तो आठ तासांच्या आत सुरू झाला, तर यकृत वाचण्याची शक्यता फार मोठी असते, आणि उशीर झाला असला तरी तो उपयोगी पडतो. त्यामुळे ‘आता वेळ गेली’ असे समजून घरी थांबू नये. यकृताचा पहिला रिपोर्ट नॉर्मल आला, तरी डॉक्टर सांगेपर्यंत घरी परतण्याचा आग्रह धरू नये.

गोळ्या जाणूनबुजून घेतल्या असतील, तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते. तिला एकटे सोडू नये आणि रागावू नये. मनाच्या आधारासाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

पुष्कळदा मात्र चूक नकळत होते. प्रौढांसाठी चोवीस तासांतील कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे. नियमित मद्यपान करणाऱ्यांनी, वजन फार कमी असणाऱ्यांनी, उपाशी राहिलेल्यांनी आणि क्षयरोगाची औषधे घेणाऱ्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांना विचारून घ्यावी, कारण त्यांच्यासाठी ती कमी असू शकते. मुलांचा डोस वयावरून नव्हे, तर वजनावरून ठरतो: दर किलोला एका वेळी साधारण १५ मिलिग्रॅम. लहान मुलांचे सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५० मिलिग्रॅमचे मिळते, तर ड्रॉप्सच्या एकाच मिलिलिटरमध्ये सहसा १०० मिलिग्रॅम असतात. दहा किलोच्या बाळाला ड्रॉप्स दीड मिलिलिटर पुरतात. तेच सिरप समजून चमचाभर (५ मिलिलिटर) पाजले, तर तिपटीहून जास्त डोस जातो. त्यासाठी लेबल वाचावे आणि औषध त्याच बाटलीसोबत आलेल्या ड्रॉपरने किंवा मापानेच द्यावे.