खरीप पेरणीपूर्वी सन्मान निधीच्या हप्त्याची पूर्वतयारी

मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर निघते आणि एकदा पेरणीयोग्य ओल झाली की शेतकऱ्याला तालुक्याच्या फेऱ्या मारायला सवड उरत नाही. म्हणून हप्त्याच्या अडचणींचा निपटारा कुळवाच्या पाळ्या चालू असतानाच करून घ्यावा. पंतप्रधान किसान सन्मान निधीतून वर्षाला 6,000 रुपये, 2,000 रुपयांच्या तीन हप्त्यांत मिळतात. राज्याने 2023 मध्ये सुरू केलेल्या नमो शेतकरी महासन्मान निधीतून आणखी 6,000 रुपयांची भर पडते. राज्याचा हप्ता केंद्राच्या योजनेतील पात्र लाभार्थ्यांनाच मिळत असल्याने पहिल्या योजनेत नाव अडकले की दोन्हींकडचे पैसे थांबतात.

हप्ता अडण्याचे बरेचदा न उलगडणारे कारण बँकेत असते. पासबुक काढताना आधारची प्रत दिली, म्हणजे खाते जोडले गेले, अशी अनेकांची समजूत आहे. परंतु आधारच्या आधारे येणारे अनुदान ज्या खात्याचे आधार सीडिंग (अनुदान जमा होण्यासाठी बँकेने खात्याला आधार क्रमांक जोडणे) झालेले आहे, त्याच खात्यात जमा होते आणि असे खाते एका वेळी एकच असते. एखाद्याने मध्यंतरी दुसऱ्या बँकेत नवे खाते उघडून तेथे सीडिंगला संमती दिली असेल, तर हप्ता त्या नव्या खात्यात जातो आणि शेतकरी जुन्या पासबुकात नोंदी शोधत राहतो. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहता येते. मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला नसेल, तर आधी ते काम करावे. ई-केवायसी, म्हणजे लाभार्थ्याची ऑनलाइन ओळख पडताळणी, ओटीपीने, चेहरा पडताळणीने किंवा सेवा केंद्रात बोटाचा ठसा देऊन होते. ज्येष्ठ शेतकऱ्यांचे ठसे कामामुळे झिजलेले असतात, त्यांच्यासाठी चेहरा पडताळणीचा मार्ग अधिक सोयीचा ठरतो.

दुसरी अडचण सातबाऱ्याची. योजनेत जमीनधारणेसाठी 1 फेब्रुवारी 2019 ही तारीख धरलेली आहे आणि त्यानंतर खरेदीने घेतलेल्या जमिनीवर नवा लाभ मिळत नाही. मात्र खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाहक्काने जमीन आली असेल, तर वारसाला अर्ज करता येतो. त्यासाठी वारसनोंदीचा फेरफार (महसूल दप्तरातील हक्कबदलाची नोंद) मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव लागलेले असावे लागते. मृत खातेदाराच्या खात्यात येणारे हप्ते घरच्यांनी उचलत राहू नयेत, कारण ती रक्कम पुढे वसूल होऊ शकते आणि ऐन हंगामात तो भार जड जातो. पती, पत्नी व अल्पवयीन मुले मिळून एक कुटुंब धरले जाते आणि लाभ कुटुंबात एकालाच मिळतो. प्राप्तिकर भरणारी व्यक्ती कुटुंबात असल्यास अर्ज करू नये.

ॲग्रीस्टॅक या शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीतील शेतकरी ओळख क्रमांक अद्याप काढला नसेल, तर तोही आताच काढावा. राज्यात कृषी योजनांसाठी तो आवश्यक झाला आहे. आपल्या जमिनीच्या सर्व गटांची नोंद त्यात आली आहे का, हे आठ-अ उताऱ्याशी (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) ताडून पाहावे.

हप्त्याच्या सुमारास व्हॉट्सॲपवर योजनेच्या नावाने एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल) फिरते. ती उघडल्यास मोबाइलचा ताबा भामट्यांकडे जाऊन खाते रिकामे होऊ शकते, तेव्हा ॲप अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे आणि ओटीपी कोणालाही सांगू नये. शंका असल्यास 155261 या मदत क्रमांकावर विचारावे.

पेरणी आटोपल्यावर ई-पीक पाहणीची, म्हणजे मोबाइल ॲपवरून सातबाऱ्यावर पीक लावण्याची, नोंद मुदतीत करावी. सोयाबीन हमीभावाने घालण्यासाठी नाव नोंदवताना सातबाऱ्यावरील तीच पीकनोंद पाहिली जाते.