मानेवर हात ठेवण्याआधी

इंटर्नशिपला आलेल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, मायग्रेनच्या पेशंटला मानेचं कुठलं टेक्निक द्यायचं?" मी आधी त्यांना एक साधी शंभर पानी वही आणायला लावते. नाशिकमध्ये अकरा वर्षं फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करते आहे. डोकेदुखीने बेजार झालेल्या बायका हळूहळू माझ्याकडे वाढत गेल्या, आणि मी जे शिकले ते बरंचसं त्यांच्या वह्यांमधून.

"मला मायग्रेन आहे" असं म्हणत आपल्याकडे फार कमी बायका येतात. "पित्ताचं डोकं आहे, उलटी झाली की मोकळं वाटतं," असं सांगतात. नाहीतर एक्स-रेचं पाकीट टेबलावर ठेवून म्हणतात, "मानेचे मणके झिजलेत." चाळिशी ओलांडलेल्या मानेत थोडीफार झीज दिसतेच, त्यावरून काही ठरवू नका. प्रश्न विचारा. दुखणं चार तास ते तीन दिवस टिकतं का? एका बाजूला ठणकतं का? जिना चढल्यावर वाढतं का? मळमळतं का, उजेड आणि आवाज नकोसा होतो का? असे किमान पाच अटॅक येऊन गेले असतील तर मायग्रेनचा विचार करायचा. निदान न्यूरॉलॉजिस्टनेच करायचं, पण तिला तिकडे पाठवायला हवं हे तुमच्या लक्षात यायला हवं.

आता मानेचा संबंध. मानेच्या वरच्या तीन नर्व्हज आणि चेहऱ्याची ट्रायजेमिनल नर्व्ह यांचे वेदनेचे संदेश मेंदूकडे जाताना एकाच ठिकाणी मिसळतात. म्हणून मानेत दाबलं की डोळ्यामागे दुखतं, आणि उलट, मायग्रेन सुरू होताना मान आखडते. यातला दुसरा अर्धा भाग मला फार उशिरा समजला. बाई सांगते, "आधी मान धरते, मग डोकं चढतं," आणि आपण मानेलाच गुन्हेगार ठरवून मोकळे होतो. पुष्कळदा धरलेली मान ही अटॅकचीच सुरुवात असते.

पहिल्या वर्षी माझ्याकडे एक शिक्षिका आल्या. डावी बाजू ठणकायची, मानेत कवटीच्या खाली हात लावू देत नव्हत्या. मी त्यांना पालथं झोपवलं आणि दुसऱ्या मणक्यावर चांगला जोर लावून मोबिलायझेशन केलं, म्हणजे सांधा हाताने लयीत दाबून हलवला. उठताना म्हणाल्या, "हलकं वाटतंय हो." रात्री दहाला त्यांच्या मिस्टरांचा फोन आला. त्या अंधार करून पडल्या होत्या, चार उलट्या झाल्या होत्या. दोन दिवसांवर पाळी होती, आदल्या दिवशी संकष्टीचा उपास झाला होता, आणि यातलं मी काहीच विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्यांच्या मानेला हात लावायलाच नको होता.

तेव्हापासून प्रत्येकीला वही लिहायला लावते. तारीख, दुखणं किती वेळ, गोळी कोणती आणि किती, पाळीची तारीख, उपास, झोप, ऊन, डोक्यावरून अंघोळ. शेवटचं वाचून हसू नका, ओल्या केसांनी अटॅक येतो हे बायका वर्षानुवर्षं सांगताहेत. वयात आल्यानंतर बायकांमध्ये मायग्रेनचं प्रमाण पुरुषांच्या साधारण तिप्पट होतं, आणि पाळीआधी इस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी घसरणं हे त्यामागचं मोठं कारण आहे. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत ज्यांना हमखास त्रास होतो, त्यांची अपॉइंटमेंट मी त्या दिवसांत ठेवत नाही.

वहीतला गोळ्यांचा रकाना नीट मोजा. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, किंवा ट्रिप्टान (मायग्रेनची खास गोळी) अथवा मिश्र गोळी 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं असेल तर गोळ्यांमुळेच डोकं दुखत असण्याची शक्यता असते. घरात डबाभर गोळ्या असतात आणि कुणी हिशेब ठेवलेला नसतो. अशा बाईला कितीही मॅन्युअल थेरपी, म्हणजे हाताने केलेले उपचार, द्या, डॉक्टरांनी गोळ्यांचं गणित बदलल्याशिवाय फरक पडणार नाही.

आता हातांबद्दल. नखं कापलेली, हात कोमट. खोलीत सॅनिटायझरचा किंवा अगरबत्तीचा वास नको, डोक्यावरची ट्यूब बंद. पालथं झोपवलं की अनेकींना मळमळतं, म्हणून मी उताणंच झोपवते. क्लिप, कानातलं काढायला सांगते, मंगळसूत्र मागे अडकत नाही ना ते बघते. काय करणार ते हात लावायच्या आधी सांगते. पुरुष थेरपिस्टने तर विचारल्याशिवाय आणि खोलीत दुसरी बाई असल्याशिवाय सुरू करूच नये.

मान पूर्ण पुढे वाकवून, हनुवटी छातीकडे ठेवून, डोकं एकेका बाजूला वळवून बघा. साधारण 44 अंश वळायला हवं. एखाद्या बाजूला 32 च्या आत अडकलं तर वरचा सांधा आखडलेला आहे. मग दोन्ही हातांची बोटं कवटीच्या कडेखाली नुसती टेकवा आणि तिचं डोकं बोटांवर सोडून द्यायला सांगा. सुरुवातीला ती ते सोडत नाही, स्वतःच उचलून धरते. ते वजन हळूहळू तुमच्या बोटांवर येतं तो क्षण ओळखायला मला सहा महिने लागले. त्यानंतरच मेटलंड पद्धतीतल्या पहिल्या-दुसऱ्या, म्हणजे सगळ्यांत हलक्या ग्रेडचं मोबिलायझेशन. ओळखीचं दुखणं डोळ्यामागे उमटलं तर दाब तसाच ठेवून थांबा. विरलं तर ठीक, वाढत गेलं तर लगेच हात काढा.

मान झटक्याने कडकडवू नका. कुणी व्हिडिओ दाखवून "तसं करा" म्हणालं तरी नाही. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका दुर्मीळ असला तरी त्याची किंमत पक्षाघात असू शकते. काही सेकंदांत उसळलेली आयुष्यातली सर्वांत भयंकर डोकेदुखी, ताप आणि ताठ मान, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेलं दुखणं, नवी बाळंतीण, बोबडी वळणं, एका बाजूची ताकद जाणं, दोन-दोन दिसणं: यांपैकी एकही गोष्ट असली तर टेबलावर घेऊ नका, तडक हॉस्पिटलला पाठवा. डोळ्यांपुढे नागमोडी उजेड दिसणारी, म्हणजे ऑरा असलेली बाई गर्भनिरोधक गोळ्या घेते का हे जरूर विचारा. इस्ट्रोजेन असलेल्या गोळीने तिचा पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि तिला हे बहुतेक वेळा कुणी सांगितलेलं नसतं.

पुराव्यांच्या बाबतीत प्रामाणिक राहा. 2011 साली जर्मनीत मायग्रेन असलेल्या 42 स्त्रियांवर अभ्यास झाला. हाताने केलेल्या ऑस्टिओपॅथीच्या पाच बैठका मिळालेल्या गटात मायग्रेनमुळे वाया जाणारे दिवस कमी झाले. पण दुसऱ्या गटाला तसा कोणताच उपचार दिला नव्हता. 2017 मध्ये नॉर्वेतल्या 104 रुग्णांच्या अभ्यासात खरं मॅनिप्युलेशन (मणक्याला झटका देण्याचा उपचार) आणि खोटं मॅनिप्युलेशन अशी तुलना केली, तेव्हा दोन्हींकडे मायग्रेनचे दिवस घटले आणि गटांत ठोस फरक निघाला नाही. मी पेशंटला सांगते: मायग्रेन मी बरं करत नाही, मानेचा भार कमी करते, व्यायाम शिकवते, तुमचं औषध चालूच राहील. हे ऐकून काही जणी दुसरीकडे जातात. जाऊ द्या.

शिकताना शनिवार-रविवारच्या वर्कशॉपांची सर्टिफिकेटं गोळा करण्याआधी वर्गातल्या वीस जणांच्या माना हाताखालून जाऊ द्या, डोळे मिटून दुसरा मणका सापडेपर्यंत. जमलं तर न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत महिनाभर नुसतं बसून ऐका.

त्या शिक्षिका पुढे परत आल्या. आधी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं, मग सहा आठवडे हलकं काम आणि मानेचे व्यायाम. चौथ्या महिन्याच्या पानावर नऊऐवजी पाच दिवसांवर खुणा होत्या. त्यातलं माझ्या हाताचं किती आणि गोळीचं किती, हे त्यांनी विचारलं तेव्हा मी वहीकडे बघत म्हटलं, "ताई, अजून तीन महिने लिहा."