थायरॉइड वाढलेला असताना बाळाला अंगावर पाजणे : गोळ्या कशा घ्याव्यात

बाळंतपणानंतर थायरॉइड वाढल्याचे, म्हणजे गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे हार्मोन रक्तात गरजेपेक्षा जास्त झाल्याचे, निदान झाले की घरात पहिला विषय निघतो तो दुधाचा. गोळी सुरू करायची तर पाजणे बंद करावे लागेल का, आणि पाजायचे असेल तर गोळी बाळ मोठे होईपर्यंत पुढे ढकलता येईल का, हे ते दोन प्रश्न. बहुतेक आयांसाठी दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. मात्रा मर्यादेत असेल, वेळ सांभाळली आणि तपासण्या चुकवल्या नाहीत, तर गोळी आणि अंगावरचे दूध दोन्ही चालू ठेवता येते. उपचार न घेता राहिलेला वाढीव थायरॉइड मात्र आईचे हृदय, हाडे आणि झोप यांच्यावर बेतू शकतो.

गोळी सुरू करण्याआधी आपला आजार नेमका कोणता, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. आपल्याकडे ‘मला थायरॉइड आहे’ एवढेच म्हणण्याची पद्धत असल्याने कमी थायरॉइड आणि जास्त थायरॉइड यांची गल्लत होते, आणि नणंदेची किंवा शेजारणीची उपाशीपोटी घ्यायची गोळी आपल्यालाही चालेल असे कोणाला वाटू शकते. ती थायरॉक्सिनची गोळी असते. ती हार्मोनची भर घालते, म्हणजे आपल्याला जे हवे त्याच्या बरोबर उलट.

जास्त थायरॉइडमध्येही बाळंतिणीच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. पहिली म्हणजे ग्रेव्ह्ज डिसीज, ज्यात शरीरातील प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) ग्रंथीला सतत हार्मोन बनवायला लावतात. हा आजार गरोदरपणात अनेकदा निवळतो आणि बाळंतपणानंतर पुन्हा उसळतो. दुसरी म्हणजे बाळंतपणानंतरची थायरॉइडची सूज. तीत ग्रंथी नवे हार्मोन जास्त बनवत नाही, तर आधीच साठवलेले रक्तात सांडते. ही अवस्था साधारणपणे प्रसूतीनंतर पहिल्या काही महिन्यांत येते, आपोआप ओसरते आणि नंतर काही काळ उलट थायरॉइड कमी होऊ शकतो. कार्बिमॅझोलसारख्या गोळ्या नव्या हार्मोनची निर्मिती रोखतात, त्यामुळे या सुजेत त्यांचा काहीच उपयोग नसतो. धडधड आणि हाताचा कंप फार असेल तर डॉक्टर तेवढ्यापुरते प्रोप्रॅनोलॉल देतात. ते दुधात फार कमी उतरते, पण दमा असलेल्या बाईने तसे आधी सांगितलेच पाहिजे. निदानासाठी टीआरएबी ही प्रतिपिंडांची रक्ततपासणी उपयोगी पडते आणि तिच्यासाठी पाजणे थांबवावे लागत नाही. किरणोत्सारी आयोडीन किंवा टेक्नेशियम वापरून करायचा थायरॉइड स्कॅन सुचवला गेला, तर ‘मी बाळाला पाजते’ हे स्कॅनच्या दिवशी नव्हे, वेळ घेतानाच सांगावे. किरणोत्सारी आयोडीनचा उपचार मात्र स्तनपानाच्या काळात करत नाहीत.

आता गोळ्यांकडे. भारतात बहुधा कार्बिमॅझोल दिले जाते. ते शरीरात गेल्यावर मेथिमॅझोलमध्ये बदलते आणि 10 मिलिग्रॅममधून साधारण 6 मिलिग्रॅम मेथिमॅझोल मिळते. दुसरे औषध म्हणजे प्रोपिलथायोयुरासिल, ज्याला डॉक्टर पीटीयू म्हणतात. पूर्वी स्तनदा मातांना पीटीयूच बरे, असा समज होता, कारण ते दुधात आणखी कमी उतरते. परंतु त्याने क्वचित यकृताला गंभीर इजा होते, आणि 2010 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. मेथिमॅझोल आईच्या मात्रेच्या साधारण 0.1 ते 0.2 टक्के इतकेच दुधात येते, म्हणजे आईने दिवसाला 20 मिलिग्रॅम घेतले तर बाळाच्या वाट्याला मिलिग्रॅमचा पन्नासावा ते पंचविसावा भाग. तेहरानमध्ये संशोधक फेरेदून अझीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेथिमॅझोल घेणाऱ्या मातांच्या बाळांचा पाठपुरावा केला, तेव्हा त्या मुलांचे थायरॉइडचे कार्य आणि बौद्धिक विकास दोन्ही सामान्य आढळले. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्तनपान करताना दिवसाला मेथिमॅझोल 20 मिलिग्रॅमपर्यंत आणि पीटीयू 450 मिलिग्रॅमपर्यंत घेता येते, आणि त्यातही लागेल तेवढीच कमीत कमी मात्रा ठेवावी. आपली मात्रा या मर्यादेजवळ किंवा वर जात असेल, तर बाळाच्या डॉक्टरांनाही ते कळवावे, म्हणजे त्याची तपासणी केव्हा करायची ते ठरवता येईल.

गोळी घेण्याची वेळ जमवणे वाटते तितके अवघड नाही. दिवसाची मात्रा दोन किंवा तीन भागांत विभागता येईल का, ते डॉक्टरांना विचारावे आणि प्रत्येक भाग पाजून झाल्यावर लगेच घ्यावा. बाळाने दूध प्यायले, खांद्यावर घेऊन ढेकर काढली, त्याला खाली निजवले की त्याच वेळी गोळी. औषधाचे दुधातील प्रमाण घेतल्यानंतर एक-दोन तासांच्या सुमारास सर्वाधिक असते, त्यामुळे पुढचे पाजणे येईपर्यंत ते उतरू लागलेले असते. रात्रीची गोळी बाळाच्या सर्वांत लांब झोपेआधी घेतली तर आणखी चांगले. पण बाळ तासाभरातच उठून रडू लागले, तर त्याला निःशंकपणे पाजावे. दूध काढून फेकून देण्याची किंवा तेवढ्यासाठी वरचे दूध देण्याची गरज नाही. गोळी राहून गेली तर आठवेल तेव्हा घ्यावी, मात्र पुढच्या गोळीची वेळ झालीच असेल तर दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. या गोळ्या थायरॉक्सिनसारख्या उपाशीपोटी घेण्याचे बंधन नाही.

एक गोष्ट घरातील सर्वांना माहीत असावी, कारण बाळंतिणीचा ताप घरात अनेकदा ‘दूध साचले असेल’ किंवा ‘वारे लागले असेल’ असे म्हणून अंगावर काढला जातो. या दोन्ही औषधांनी क्वचित रक्तातील पांढऱ्या पेशी अचानक फार कमी होतात, आणि ते बहुधा पहिल्या तीन महिन्यांत घडते. ताप, घसा दुखणे किंवा तोंडात फोड यांपैकी काहीही झाले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून सीबीसी ही रक्ततपासणी करावी. अहवालात पेशी ठीक निघाल्या तर गोळी पुन्हा सुरू होते, एका दिवसाने काही बिघडत नाही. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, पोटात तीव्र दुखणे यांसाठीही हाच नियम. ताप खूप चढून छाती जोरात धडधडू लागली आणि बोलण्यात असंबद्धपणा आला, तर थेट रुग्णालय गाठावे.

बाळाकडे कसे पाहावे? गरोदरपणात ग्रेव्ह्ज डिसीज असेल, तर आईची प्रतिपिंडे वारेतून (प्लॅसेंटातून) बाळापर्यंत गेलेली असू शकतात, म्हणून जन्मतःच बाळाच्या डॉक्टरांना हे सांगणे आवश्यक आहे. पुढे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीकरणाला गेल्यावर वजन करून ते कार्डावर लिहून घ्यावे आणि आपण कोणती गोळी किती घेतो, हे दर वेळी सांगावे. वजन नीट वाढत असेल आणि विकासाचे टप्पे वेळेवर येत असतील, तर निरोगी बाळाच्या नेहमी रक्ततपासण्या करण्याची गरज सहसा नसते. बाळ सुस्त राहणे, पिताना वारंवार झोपी जाणे, घट्ट शी, रेंगाळलेली कावीळ किंवा अंगावर पुरळ दिसले तर मात्र थांबू नये. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर ही देखरेख डॉक्टर स्वतःच वाढवतात.

आईची तपासणी सुरुवातीला दर चार ते सहा आठवड्यांनी होते. त्या वेळी टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारे मेंदूतल्या ग्रंथीचे हार्मोन, अजून खालीच आहे म्हणून घाबरू नये. टी3 आणि टी4 ही थायरॉइडची स्वतःची हार्मोन सुधारल्यानंतरही टीएसएच वर यायला अनेक आठवडे, कधी महिने लागतात. आणखी एक सापळा असा की बाळंतपणानंतर केस गळू लागले की अनेक जणी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतात, आणि बायोटिनमुळे काही प्रयोगशाळांच्या पद्धतींत थायरॉइड खोटाच वाढलेला दिसतो. तपासणीच्या किमान दोन दिवस आधी ते बंद ठेवावे आणि मात्रा मोठी असेल तर किती आधी थांबवायचे ते विचारावे. स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठ नेहमीसारखे वापरावे, कारण दुधातून बाळाला आयोडीन मिळायलाच हवे. समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल आणि थायरॉइडसाठी म्हणून विकली जाणारी चूर्णे मात्र टाळावीत.

बरे वाटू लागले म्हणून गोळी आपल्या मनाने सोडू नये. ग्रेव्ह्ज डिसीजमध्ये हा उपचार सहसा वर्ष-दीड वर्ष चालतो. पाजत असताना पाळी आली नसली तरी दिवस राहू शकतात, आणि कार्बिमॅझोलने गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत जन्मजात दोषांचा धोका वाढतो. म्हणून गर्भनिरोधनाचा विषय याच भेटीत काढावा, आणि शंका आली तर घरी लघवीची चाचणी करून निकाल होकारार्थी येताच त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.