लिंकनच्या काळातल्या वकील-पुढाऱ्याचा पत्रव्यवहार कसा लावावा

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन वकिलाचं दफ्तर हाती आलं की पहिला मोह तीन ढीग करण्याचा होतो: खटले, राजकारण, घरगुती. तो आवरा. अब्राहम लिंकन यांनी १८ मे १८४३ रोजी जोशुआ स्पीड या मित्राला लिहिलेलं पत्र बघा. आधी कामाचं उत्तर, मग ग्लोब टॅव्हर्न या उतारगृहात नवरा-बायकोचं आठवड्याला चार डॉलरांत कसं भागतं ते, आणि त्याच कागदावर काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, उमेदवारीची बातमी: ना प्रतिस्पर्धी बेकर, ना आपण, उमेदवार तिसरेच, हार्डिन. हे कुठल्या ढिगात घालणार?

म्हणून गठ्ठे जसे बांधलेले सापडले तसेच राहू द्या, प्रत्येक कागदाला गठ्ठ्याचा आणि जागेचा क्रमांक द्या. तारखेप्रमाणे लावायचं ते फक्त यादीत. त्या यादीला पक्षकार, खटला आणि निवडणूक अशा तीन सूच्या जोडल्या की एकच पत्र तिन्हीकडे सापडतं.

कागद हाताळताना हात स्वच्छ आणि कोरडे हवेत. सुती मोज्यांनी बोटांना कडा कळत नाहीत आणि कागद फाटतो. टेबलावर पेन नको, पेन्सिलच. शाई बहुधा माजूफळ आणि लोहक्षार यांची असते. ती कागद खाते, आणि जाड फराट्यावर घडी आली की तिथेच तडकते. घड्या इस्त्रीने मोडू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको.

खरी मेहनत तारखेत आहे. पुष्कळ खासगी पत्रांवर नुसतं ‘गुरुवार, ४ मे’ असतं, आणि त्या काळच्या टपालाच्या शिक्क्यात वर्ष सहसा नसतं. १८४० ते १८६० या वीस वर्षांत ४ मे रोजी गुरुवार आला तो १८४३, १८४८ आणि १८५४ मध्ये. पुढची निवड टपाल हशिलावर होते. समजा पत्र शिकागोहून स्प्रिंगफील्डला, म्हणजे सुमारे दोनशे मैल गेलं आहे. १८४५ च्या जुलैपूर्वी हशील अंतरावर आणि कागदाच्या तावांवर ठरे. १५० ते ४०० मैलांना एका तावाचे पावणेएकोणीस सेंट. पाकीटही ताव म्हणून मोजलं जाई, म्हणून पत्रच दुमडून पाठीवर पत्ता लिहीत. जुलै १८४५ पासून अर्ध्या औंसाला ३०० मैलांपर्यंत ५ सेंट, पुढे १०. जुलै १८५१ पासून आगाऊ भरले तर ३ सेंट, नाहीतर ५. १८५५ च्या एप्रिलपासून आगाऊ भरणं सक्तीचं झालं, १८५६ पासून तिकीट लावणंही.

म्हणजे १८¾ दिसलं की १८४३, तीन सेंटांचं तिकीट दिसलं की १८५४. घोटाळा होतो तो नुसत्या ‘५’ च्या शिक्क्याने. सोबत ‘पेड’ असेल तर १८४८ धरा. नसेल तर पत्र १८४८ चंही असेल किंवा हशील न भरता १८५४ मध्ये पाठवलेलंही. मजकुरातला पुरावा मिळेपर्यंत दोन्ही वर्षं यादीत प्रश्नचिन्हासह ठेवा. ‘फ्री’ आणि सही असेल तर काँग्रेस-सदस्याची टपालमाफी असण्याचा संभव मोठा. लिंकन १८४७ ते १८४९ सदस्य होते, तेव्हा त्यांच्या पत्रावर अशी सही हा चांगला पुरावा. पत्र मिळालेल्याने पाठीवर लिहिलेला शेरा वाचाच, पण त्यातली तारीख लिहिल्याची, पोचल्याची की उत्तर दिल्याची, हे पाहून मगच वापरा. मजकुरात ‘इन्स्टंट’ म्हणजे चालू महिना, ‘अल्टिमो’ म्हणजे मागचा. जानेवारीतल्या पत्रावर सवयीने जुनंच साल पडलेलं असतं, तेही तपासा.

वाचताना सगळ्यांत जास्त फसवतो तो लांब ‘एस’, म्हणजे इंग्रजी ‘एस’ चं जुनं लांबट रूप. जोड ‘एस’ मधला पहिला ‘एफ’ सारखा दिसतो आणि ‘मिस’ चं ‘मिफ्स’ होतं. आडव्या मजकुरावर उभा मजकूर लिहिलेला असेल तर एक दिशा पूर्ण वाचून मगच कागद काटकोनात फिरवा. लाखेच्या मोहोरेजवळ भोक असेल तर फाटलेला तुकडा मोहोरेलाच चिकटलेला असतो. हरवलेले शब्द तिथे शोधा. नक्कल करताना चुकीचं स्पेलिंग सुधारू नका, शंकेचा शब्द चौकटी कंसात ठेवा.

वकिलाने पाठवलेल्या पत्रांचा शोध वेगळा. काही वकील नकलांची वही ठेवत: पातळ ओलसर कागद ताज्या शाईवर दाबायचा. अक्षर त्या पानाच्या मागे उलटं उमटतं आणि पुढून सुलटं वाचता येतं. मागे पांढरा कागद सरकवला की आणखी स्पष्ट. पाणी जास्त झालं असेल तर शाई पसरलेली दिसते, पत्र उशिरा दाबलं असेल तर अक्षर फिकट. वही नसेल तर ती पत्रं ज्यांना गेली त्यांच्या दफ्तरात शोधावी लागतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या लिंकन संग्रहात ४०,००० हून अधिक कागद आहेत, पण त्यांत आलेली पत्रंच जास्त. आलेलंही सगळं उरतं असं नाही: १८५० मध्ये लिंकननी एका वकिलाची माफी मागितली, कारण त्याचं पत्र त्यांनी जुन्या टोपीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी नवी टोपी घेतली. म्हणून उत्तर सापडलं नाही तर ‘उत्तर दिलं नाही’ असं लिहू नका.

शेवटी खरं-खोटं. २१ नोव्हेंबर १८६४ च्या बिक्स्बी पत्राचं, म्हणजे श्रीमती बिक्स्बी यांना लिंकनच्या नावाने गेलेल्या सांत्वनपत्राचं, मूळ आजवर सापडलेलं नाही, छापील प्रतिकृती मात्र पुष्कळ फिरतात. दहापट भिंगाखाली बघा: बोरूची शाई धाग्यांत मुरते आणि फराट्याच्या कडेला दाट होते, छपाईची सगळीकडे सारखी. सहीही बघा. पत्रांवर लिंकन सहसा ‘ए. लिंकन’ अशी सही करत, पूर्ण नाव सरकारी कागदांवर. घरगुती पत्रावर पूर्ण नावाची सही दिसली, तर ते पत्र तपासणी होईपर्यंत यादीबाहेर ठेवा.