घरी अंडी उबवताना टेम्परेचरचा घोळ: नवीन लोकांसाठी थोडं अनुभवाचं

थर्माकोलच्या बॉक्समध्ये कोंबडीची अंडी उबवायची म्हटलं की सगळीकडे एकच आकडा सांगतात, ३७.५ डिग्री. आकडा बरोबर आहे, पण तो फॅन लावलेल्या बॉक्सचा आहे हे कोणी सांगत नाही. फॅन नसला की गरम हवा वर बसते, तळाला थंड राहतं आणि एकाच बॉक्समध्ये दोन-तीन डिग्रीचा फरक सहज पडतो, म्हणून बिनफॅनच्या बॉक्समध्ये अंड्याच्या माथ्यापाशी ३८.३ ते ३८.८ ठेवतात. माझं मत विचाराल तर जुन्या कम्प्युटरचा १२ व्होल्टचा छोटा फॅन टाकाच, फक्त त्याचा झोत थेट अंड्यांवर नको. आणि ऊब द्यायला बल्ब पिवळा, तारेचाच घ्या, एलईडी गरमच होत नाही (हसू नका, एलईडी लावून वाट बघत बसलेले लोक आहेत). एक १०० वॅटचा लावण्यापेक्षा ४० चे दोन बरे, एक उडाला तरी रात्र निघते.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या टेम्परेचरला बल्ब आपोआप चालू-बंद करणारं यंत्र. बहुतेक जण ते स्वस्तातलं डब्ल्यू १२०९ मॉड्यूल घेतात, मीही तेच वापरतो, पण आल्या आल्या दोन सेटिंग बदलायच्या. पहिली पी-०, ही बहुतेक वेळा सी वर म्हणजे कूलिंगवर येते, तशीच ठेवली तर बॉक्स थंड असताना बल्ब लागतच नाही आणि माणूस मॉड्यूल खराब म्हणून दुकानदाराशी भांडायला जातो. ती एच वर करा. दुसरी पी-१, ती २ डिग्रीवर असते, म्हणजे ३७.५ ला बल्ब बंद झाला की पार ३५.५ ला उतरेपर्यंत परत लागत नाही, दिवसभर नुसतं वर-खाली वर-खाली. ती ०.३ वर आणा. याने रिले (मॉड्यूलवरचा बल्ब चालू-बंद करणारा स्विच) जास्त वेळा टकटक करतो आणि कधीतरी त्याचे पॉइंट चिकटतात, मग बल्ब बंदच होत नाही आणि सकाळी उकडलेली अंडी. त्यामुळे ३८.५ वर सेट केलेलं दुसरं मॉड्यूल बल्बच्या त्याच वायरमध्ये सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक टाकायचं, दोन्ही एकदम चिकटायची शक्यता फार कमी.

डिस्प्लेवर आंधळा विश्वास ठेवू नका. घरात ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर असतोच, तो आणि मॉड्यूलचा सेन्सर एकाच कोमट पाण्यात शेजारी शेजारी धरा आणि आकडे ताडून बघा, जो फरक येईल तो पी-४ (आकडा दुरुस्त करायची सेटिंग) मध्ये टाका. थर्मामीटर फॅरनहाइटवाला असेल तर ९९.५ म्हणजे आपलं ३७.५. सेन्सर बॉक्समध्ये अंड्याच्याच उंचीला, बल्बपासून लांब. मग रिकामा बॉक्स दोन दिवस चालवून बघायचा आणि मगच अंडी ठेवायची, घाई नको.

नवीन माणूस सगळ्यात जास्त घाबरतो तो थंडीला, लाईन गेली की पळापळ सुरू. खरं म्हणजे थंडी अंडी बऱ्यापैकी सहन करतात, खुडूक कोंबडी पण रोज दाणापाण्याला उठतेच की. तीन-चार तास ३५ वर राहिलं तर पिल्लं फक्त उशिरा निघतात, उलट ४०.५ च्या वर अर्धा तास गेला तरी आतला जीव जाऊ शकतो. तेव्हा लाईन गेली तर झाकण उघडून बघत बसायचं नाही, गरम पाण्याच्या दोन बाटल्या आत, वरून गोधडी, पण हवेची भोकं मोकळी. पाण्याच्या बाटल्या एरवीही आत असू द्या, टेम्परेचर पटकन हलत नाही.

आमच्याकडे अकोल्याला खरा त्रास उन्हाळ्याचा. मे मध्ये खोलीच ४० च्या वर, आणि थर्मोस्टॅट बल्ब बंद करू शकतो, बॉक्स थंड करू शकत नाही. भोकं वाढवा, मातीच्या भिंतीच्या खोलीत ठेवा, त्या खोलीत कूलर लावा, तरी दुपारची धाकधूक राहतेच. त्यात अंडी जमवतानाच घोळ झालेला असतो, कारण साधारण २४ डिग्रीच्या वर अंड्यात हळूहळू वाढ सुरू होते, मग ती धड वाढतही नाही आणि धड थांबतही नाही आणि आठवड्याने टॉर्चवर बघितलं की आत नुसती लाल रिंग, म्हणजे जीव गेलेला. मी तर सरळ सांगतो, पहिली बॅच दिवाळीनंतर लावा, उन्हाळ्यात कोंबडीलाच बसवा, तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

अजून एक, साधारण १४-१५ दिवसांनंतर आतलं पिल्लू स्वतःच गरमी सोडायला लागतं, त्यामुळे आधी बरोबर चाललेला बॉक्स अचानक अर्धा-पाऊण डिग्री वर दिसू लागतो, विशेषतः अंडी खच्चून भरली असतील तर. मॉड्यूल बिघडलं नाहीये, भोकं थोडी मोठी करा. १८ व्या दिवशी रोजचं अंडी फिरवणं बंद, बॉक्समधली पाण्याची वाटी मोठी करून ह्युमिडिटी (हवेतला ओलावा) ६५-७० टक्क्यांवर, आणि मग झाकणाला हात नाही.

पिल्लं कधी निघाली यावरून तुमचं टेम्परेचर कसं होतं ते कळतं. १९-२० व्या दिवशीच निघाली, बेंबी नीट बंद नाही, पाय फाकलेत, तर बॉक्स गरम चालला. २२-२३ उजाडला आणि पिल्लं सुस्त, तर थंड. दोन-दोन दिवस एकेक करत निघत असतील तर बॉक्समध्ये कुठे गरम कुठे थंड आहे, किंवा काही अंडी जुनी होती. पुढच्या बॅचला अर्ध्या डिग्रीचाच बदल करा, एकदम दीड-दोन नको. निघालेली पिल्लं पूर्ण वाळल्यावरच बाहेर काढा आणि तोवर ब्रूडर (पिल्लं ठेवायचा उबदार खोका) ३५ वर तापवून ठेवा.