वर्षातली आवडती गाणी निवडताय? या चुका टाळा

डिसेंबर उजाडला की आमच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी हमखास विचारतं, ‘यंदाची टॉप टेन कोण करतंय?’ मग कोणीतरी नवं पोरगं हात वर करतं. पोरगं हुशार असतं, उत्साही असतं आणि दोन दिवसांत यादी करून मोकळं होतं. असल्या दोन दिवसांच्या याद्या ऐकून माझे कान किटले आहेत. आमचं कम्युनिटी रेडिओ केंद्र गोव्यातल्या फोंडा महालातलं, म्हणजे तालुक्यातलं, १०० वॉटचं. डोंगर आडवा आला नाही तर ५ ते १० किलोमीटर ऐकू जातं. एवढ्याशा टापूतली वर्षभराची गाणी नीट निवडता येत नसतील, तर चूक गाण्यांची नाही.

यादी डिसेंबरात करायला घेणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटातून येतात.

डिसेंबरात बसून माणसाला काय आठवतं? गणेशचवथीतली एखादी आरती, परवाच्या जत्रेतलं नाट्यपद आणि गेल्या पंधरवड्यात मोबाइलवर फिरलेलं काहीतरी. फाल्गुनातलं शिगम्याचं, म्हणजे आमच्या होळीच्या सणाचं, नमन, करेजमात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, चर्चमध्ये गायलेले मोतेत ही भक्तिगीतं, पावसाळ्यातला भजनी सप्ताह, हे सगळं तोवर धुऊन गेलेलं असतं. ठरलेल्या अंगणात, म्हणजे मांडावर, बायका गातात-नाचतात त्या धालोंची तर वेगळीच तऱ्हा. धालो पौषात, म्हणजे बहुतेक वर्षी डिसेंबर सरता सरता किंवा जानेवारीत. यादी डिसेंबरच्या मध्यावर बंद होते तेव्हा मांडावर अजून कोणी आलेलं नसतं, आणि पुढच्या डिसेंबरापर्यंत ते धालो कोणाच्याच ध्यानात राहत नाहीत. बायका रात्र रात्र गातात आणि त्यांचं गाणं कुठल्याच वर्षात बसत नाही.

म्हणून मी गाण्यांचं वर्ष जानेवारी-डिसेंबर धरतच नाही. माघ ते पौष धरते. धालो आटोपले की वही बंद. कॅलेंडरवाले नाक मुरडतात, पण ऐकणाऱ्यांपैकी आजवर एकानेही तक्रार केलेली नाही.

वही म्हणजे खरीखुरी वही. मिक्सरच्या शेजारी सुतळीने बांधून ठेवलेली, कारण न बांधलेली वही आमच्याकडे आठवडाभर टिकत नाही. गाणं वाजलं की तारीख, गाणं, गाणारे, वाडा, शब्द कोणाचे, चाल कोणाची, फाइलचं नाव एवढं लिहायचं. शेवटच्या रकान्यात ते वाजत असताना फोन कोणाचा आला आणि तो काय म्हणाला तेही. ‘ताई, एक्सेलमध्ये करूया ना,’ असं दरवर्षी कोणीतरी सुचवतं. करा की. आधी वहीत लिहा, मग एक्सेलमध्ये चढवा. थेट एक्सेलमध्ये करणाऱ्यांनी एप्रिलपर्यंत सोडून दिल्याचं मी पाहिलं आहे. वहीला निदान लाज वाटावी इतक्या मोकळ्या ओळी दिसतात.

याच चुकीची दुसरी बाजू यंत्राची. प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवायचं, अशी परवान्याची अट आहे. त्यासाठी लॉगिंगचा संगणक दिवसरात्र चालू असतो आणि डिस्क भरली की जुन्यावर नवं लिहीत जातो. नव्यांना वाटतं, सगळं तिथे आहेच, डिसेंबरात काढून घेऊ. काढायला गेल्यावर कळतं की सप्टेंबरच्या अलीकडचं तेवढं शिल्लक आहे आणि शिगमा केव्हाच पुसला गेलाय. तीन महिने ठेवा असा नियम आहे, तीन महिन्यांनी पुसा असा नाही! आवडलेल्या गाण्याची मूळ फाइल त्याच आठवड्यात वेगळ्या ड्राइव्हवर टाकायची, नावात तारीख आणि वाडा घालून. ‘न्यू रेकॉर्डिंग ४७’ हे नाव नव्हे.

फर्माईश मोजणं

गोव्यातल्या आमच्या पिढीला पणजी आकाशवाणीने फर्माईशीची सवय लावली. ती चांगलीच आहे. पण फर्माईश वाढदिवसाची असते, लग्नाच्या वाढदिवसाची असते, चिडवण्याचीही असते. एका सिनेमागीताला वर्षात शंभर फर्माईशी आल्या म्हणून ते केंद्राचं आवडतं गाणं होत नाही. ते इतर ठिकाणी दिवसभर वाजतंच. निम्मा तरी कार्यक्रम इथल्या लोकांच्या सहभागाने झाला पाहिजे, हे कम्युनिटी रेडिओच्या नियमातच आहे. वर्षाच्या यादीत मी निम्म्यावरही थांबत नाही.

व्हॉट्सॲपवर मतं मागणं

करू नका. ज्याचा गट मोठा तो जिंकतो. एका वर्षी एका पथकाला धडाधड मतं पडली, बघते तर निम्मी दुबई-कुवेतहून. आमची लहर माशेलपर्यंत धड पोचत नाही, आणि कौल देणार कुवेतचे!

गाणारा गायब

आता ही चूक जरा सविस्तर सांगते, कारण ती कोणालाच कळत नाही आणि दरवर्षी कुठे ना कुठे होते.

सार्वजनिक गणपतीच्या मांडवात घुमट आरती होती, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने गायलेली आरती. आमच्या पोराने साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट केबल घेतली आणि रेकॉर्डरच्या स्टिरिओ इनपुटमध्ये खुपसली. शिवाय रेकॉर्डरचे स्वतःचे माइक चालू ठेवले, मांडवातलं वातावरण यावं म्हणून. कल्पना उत्तम. घरी हेडफोनवर ऐकलं, आवाज डोक्याभोवती पसरल्यासारखा. सगळे म्हणाले, वा, काय स्टिरिओ आहे! गाणं वर्षाच्या यादीत गेलं.

लागलं तेव्हा पाच मिनिटांत फोन. पलीकडून एक म्हातारबा: ‘अगो बाय, गावपी खंय गेलो?’ म्हणजे, गाणारा कुठे गेला? मला आधी चेष्टा वाटली, कारण माझ्या हेडफोनवर गाणारा ठणठणीत होता. मग टेबलावरचा छोटा रेडिओ लावला. घुमट वाजतंय, त्याच्या साथीचं शामेळ वाजतंय, झांजेसारखं कांसाळं वाजतंय, लोक टाळ्या वाजवतायत आणि मुख्य गाणारा शेताच्या पलीकडून ओरडल्यासारखा.

झालं होतं ते असं. मिक्सरची ती केबल बॅलन्स्ड होती. तिच्या एका तारेवर आवाज असतो आणि दुसऱ्या तारेवर तोच आवाज उलटा करून पाठवलेला असतो. लांब केबलमध्ये घरघर शिरू नये म्हणून ही सोय. रेकॉर्डरने एक तार डावा चॅनल समजून घेतली, दुसरी उजवा. म्हणजे डावीकडची लाट वर जाते त्या क्षणी उजवीकडची तेवढीच खाली. दोन कानांना दोन वेगळे आवाज मिळतात तोवर काही कळत नाही, उलट ऐसपैस वाटतं. पण छोटा रेडिओ एकाच स्पीकरचा. तो दोन्हींची बेरीज करतो आणि बेरीज येते शून्य. उरतं ते रेकॉर्डरच्या माइकने पकडलेलं तेवढं: जवळचं घुमट आणि लांबच्या भोंग्यातून आलेला गाणारा.

दुरुस्ती पाच मिनिटांची आहे. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल उघडून भरपूर झूम करा. वरच्या ट्रॅकवर जिथे टोक तिथे खालच्यावर खड्डा, असं आरशातल्यासारखं दिसलं तर रोग हाच. ‘स्प्लिट स्टिरिओ टू मोनो’ करा, एक ट्रॅक सरळ उडवा, दुसरा ठेवा. काहीही गमावत नाही, दोन्हींत तेच होतं. वातावरणाच्या माइकची फाइल वेगळी असेल तरच हे एवढं सोपं. रेकॉर्डरने सगळं मिळून एकच फाइल केली असेल, तर एक चॅनल ठेवून जे मिळेल ते घ्यायचं. म्हणून रेकॉर्ड करतानाच ट्रॅक वेगवेगळे ठेवा.

आणि सवय म्हणून सांगते, कुठलंही गाणं महागड्या हेडफोनवर पास करू नका. मी अंतिम यादी स्वस्तातल्या एका स्पीकरवर ऐकते आणि मग संध्याकाळी आमच्या नाक्यावरच्या रस-ऑम्लेटच्या गाड्यावर मोबाइलमधून. तिथे तवा वाजतोय, बस जातेय, चार जण बोलतायत. एवढ्या गलक्यात शब्द कळले तर गाणं पास. पोरं हसतात. हसू देत.

रेकॉर्डिंगच्या किरकोळ चुका

ऑटो लेव्हल बंद करा. घुमटाची थाप पडली की रेकॉर्डर घाबरून सगळंच खाली ओढतो, आणि गाणारा प्रत्येक थापेमागे बुडून पुन्हा वर येतो. लेव्हल हाताने लावा, मोठ्यात मोठी थाप वजा १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी.

व्हॉट्सॲपवर आलेला ऑडिओ वाजवू नका. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर पेन ड्राइव्ह घेऊन त्यांच्या घरी जा.

यूट्यूबवरून उतरवलेलं तर अजिबात नको. परवानगी नाही आणि आवाजही नाही.

धालोंच्या रेकॉर्डिंगला जाताना मांडावरच्या वडीलधाऱ्या बायकांना आधी विचारा. नाही म्हणाल्या तर नाही. रेकॉर्डर खिशात चालू ठेवून बसणाऱ्या शहाण्यांना मी पुन्हा पाठवत नाही.

घुमट २०१९ साली राज्याचं वारसा वाद्य ठरलं, ही माहिती चांगली आहे. ती प्रत्येक आरतीआधी वाचू नका.

‘पारंपरिक’ म्हणून मोकळं होणं

शब्द कोणाचे ते माहीत नसलं की नवा निवेदक ‘पारंपरिक’ म्हणतो आणि सुटतो. आमच्या एकाने एका फुगडीच्या गाण्याला तसं म्हटलं. वर्षाच्या यादीत, दोनदा लागलेल्या कार्यक्रमात. ते गाणं रचणारी बाई पलीकडच्या वाड्यावर राहते, चांगली धडधाकट आहे, आणि गाण्यात तिच्याच वाड्यावरच्या नळाला पाणी नसल्याची तक्रार होती. नळाची परंपरा किती जुनी असणार? एवढा तरी विचार करायचा!

तिने फोन केला नाही, भांडली नाही. पुढच्या चवथीला आम्ही रेकॉर्डर घेऊन गेलो. चहा झाला, नेवऱ्या झाल्या, लाडू झाले, सगळ्या बायका अगदी प्रेमाने बोलत होत्या. फुगडीला मात्र कोणी उठेना. एकीचे पाय दुखत होते, दुसरीचा घसा बसला होता. तासाभराने निघालो, तर गल्लीच्या टोकाशी पोचेपर्यंत मागून फुगडी सुरू झालेली ऐकू आली.

समजूत घालायला वर्ष गेलं. आता मी गाणं घेताना जागच्या जागी विचारते: शब्द कोणाचे, चाल कोणाची, पेटीवर कोण, घुमटावर कोण. उत्तर रेकॉर्डरवरच बोलून घेते, म्हणजे ते फाइलबरोबर राहतं. वाजवायची लेखी परवानगी तिथेच सही करून घेते. आणि खरोखरच कोणाला ठाऊक नसेल तर निवेदनात सांगायचं, ‘अमुक वाड्यावरच्या बायकांकडून ऐकलेलं.’ तेही नाव आहेच.

क्रमांक लावणं

मी लावत नाही. दहा गाणी असतील तर दहा, चौदा असतील तर चौदा, ती ज्या क्रमाने वर्षात आली त्याच क्रमाने. पहिलं कोण, दुसरं कोण हे ठरवायला भजनाच्या आणि आरतीच्या स्पर्धा गोव्यात पुष्कळ आहेत. तिथले परीक्षक त्या वादाचे पैसे घेतात. आपण फुकटात नऊ पथकांचा राग ओढवून कशाला घ्यायचा? ‘पण क्रमांकाशिवाय उत्सुकता राहत नाही,’ असं ऐकवणारे येतात. मोठ्या वाहिन्यांची नक्कल करायची घाई फार. ज्याच्या घरचं गाणं लागणार आहे त्याला उत्सुकता असते, आणि आमच्या टापूत तसं घर जवळपास प्रत्येक वाड्यावर असतं.

एक मात्र पाळा: गाण्यावर बोलू नका. आरतीचा पहिला आलाप निवेदकाच्या ‘तर मंडळी’खाली गेला की गेला.

कार्यक्रम ३१ डिसेंबरला लावणं

त्या रात्री रेडिओ कोण ऐकतं? कोणी समुद्रावर, कोणी चर्चमध्ये मिसाला, कोणी पार्टीत, आणि राहिलेल्यांना शेजारच्या डीजेपुढे आपलं काही ऐकू येत नाही. आम्ही माघातल्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसातला लावतो, लोक मासळी आणायला बाहेर पडायच्या आत. दुसऱ्यांदा लावायचा तर बुधवारी रात्री जेवणानंतर. दुपारी दोन ते चारमध्ये कोणी लावायला सांगितलं तर तो माणूस गोव्यात नवा आहे, त्याला आधी झोपू द्या.