कार्ब्युरेटर अल्ट्रासोनिकमध्ये टाकायच्या आधी आणि नंतर

जूनमध्ये ताडपत्री घालून ठेवलेली यामाहा आरएक्स किंवा बुलेट चवथीच्या आधी बाहेर काढली की ठरलेलंच असतं, चोक ओढला तर चालते, चोक सोडला की बंद, आणि सिग्नलला उभी राहिली की रेस देत बसा. हा कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनला हवा-पेट्रोल मिसळून देणारा भाग, तुंबल्याचा प्रकार. हल्ली तो धुवायला ऑनलाइन स्वस्तात अल्ट्रासोनिक मशीन मिळते म्हणून जो तो विचारतो की घेऊ का. घ्या, पण मशीन म्हणजे निम्मंच काम. टाकायच्या आधी काय काढलं आणि बाहेर आल्यावर कसं सुकवलं, यावर सगळं ठरतं, आणि आपल्या गोव्याच्या दमट हवेत तर सुकवण्यावर जास्तच.

आधी हे असं कशामुळे होतं ते बघा. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी दोन-तीन महिने उभी राहिली की बाऊलमधलं, म्हणजे कार्बच्या तळाच्या वाटीतलं, पेट्रोल उडून जातं, खाली चिकट थर राहतो, पाण्याचा अंश धातूला लागतो आणि पांढरी-हिरवी बुरशीसारखी पावडर धरते. यात सगळ्यात आधी पायलट जेट तुंबतो, म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा भाग, ज्याला गॅरेजमध्ये स्लो जेट पण म्हणतात, कारण त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून कमी. म्हणून गाडी पळते बरी पण आयडलिंग नाही. डिचोली, साखळीकडे खनिजाची लाल धूळ असते ती वेगळी, एअर फिल्टर फाटका असेल तर ती थेट आत.

जेट काढून फुंकता येतो, त्याला मशीन लागत नाही. मशीन लागते ती कार्बच्या बॉडीच्या आतल्या वळणावळणाच्या वाटांसाठी, जिथे तार जात नाही आणि स्प्रे वळत नाही. मशीनच्या टाकीखाली ट्रान्सड्युसर असतात, ते सेकंदाला साधारण 40 हजार वेळा थरथरतात, पाण्यात बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि ते फुटणंच मळ सोडवतं. चष्मे धुवायचं छोटं मशीन यात उपयोगाचं नाही. एका कार्बसाठी हीटरवालं 3 लिटरचं पुरतं.

आता खोलायचं. पेट्रोल कॉक बंद, बाऊलचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल बाटलीत घ्या आणि मोबाइलवर प्रत्येक पायरीचा फोटो काढत चला. जपानी कार्बचे स्क्रू साध्या फिलिप्सने खोलायला गेलात तर डोकं खराब होतं, जेआयएस (जपानी मापाचा) ड्रायव्हर घ्या, फार महाग नसतो. मिक्श्चर स्क्रू, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा, काढायच्या आधी हलक्या हाताने आत बसेपर्यंत फिरवा, किती फेरे झाले ते लिहून ठेवा आणि मगच पूर्ण बाहेर काढा, जोरात आवळलात तर टोक चेपतं आणि नंतर कितीही ट्यूनिंग करा आयडलिंग लागत नाही. त्या स्क्रूमागे स्प्रिंग, बारीक वॉशर आणि ओ-रिंग (रबराची बारीक रिंग) असते, ओ-रिंग बरेचदा आतच चिकटून राहते आणि कोणाला आठवतही नाही, तीही काढायची.

रबराचं आणि प्लास्टिकचं काहीही टाकीत नको. फ्लोट, रबरी टोकाची नीडल, गॅस्केट, ओ-रिंगा सगळं बाजूला. जुन्या बुलेटचा मिककार्ब आणि आरएक्सचा मिकुनी साध्या स्लाइडचे, म्हणजे आतली झडप तारेने ओढायचे, पण यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) इंजिनच्या 350 बुलेटला सीव्ही कार्ब असतो, ज्यात झडप इंजिनच्या ओढीने उचलते, आणि त्यातला काळा डायफ्राम फाटला तर पिकअप गेलाच समजा, त्याला क्लीनर स्प्रेसुद्धा लावू नका. 2020 च्या एप्रिलनंतरची बीएस 6 गाडी असेल तर बहुधा कार्बऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे, हे सगळं तुमच्यासाठी नाहीच.

पहिल्यांदा बाहेरचा चिखल-ग्रीस ब्रशने धुवून घ्या, नाहीतर टाकीतलं पाणी पहिल्या पाच मिनिटांत गढूळ. टाकीत पाणी आणि ॲल्युमिनियमला चालणारं अल्ट्रासोनिक लिक्विड, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. नसेल तर भांड्यांच्या लिक्विडचे काही थेंब चालतात, काम हळू होतं इतकंच. कॉस्टिक किंवा ड्रेन क्लीनर अजिबात नाही, कार्बची बॉडी जस्त-ॲल्युमिनियमची असते, ती काळी पडते आणि खाल्ली जाते. आणि पेट्रोल, थिनर, रॉकेल टाकीत ओतायचा विचारही करू नका, खाली हीटर आणि करंट, वर वाफ, घराला आग लागेल. हे सांगायला नको खरं तर, पण असं करणारे आहेत.

पाणी 50-60 अंश तापवा, त्याहून फार गरम केलं तर उलट जोर कमी होतो. बॉडी न टाकता मशीन नुसत्या पाण्यावर पाच-दहा मिनिटं चालवा म्हणजे पाण्यातली हवा निघून जाते. मशीन खरंच काम करतंय का बघायचं तर किचनमधल्या फॉइलची पट्टी उभी धरा, मिनिटभरात तिला बारीक भोकं पडली पाहिजेत. मग बॉडी जाळीच्या बास्केटमध्ये ठेवा, तळाला टेकवून नको. बुडवताना ती हातात तिरकी-उलटी फिरवा, आत अडकलेली हवा बुडबुड करत बाहेर आली पाहिजे, कारण हवा राहिली त्या वाटेत ध्वनी पोचतच नाही. निम्म्या लोकांचं इथंच फसतं आणि मग म्हणतात मशीन बोगस. जेट वेगळ्या छोट्या गाळणीत ठेवा, गर्दी केली की एकाच्या आड दुसरं राहतं. दहा मिनिटं, पालथी घालून आणखी दहा, मग बघा. तासभर ठेवून चकाकी येत नाही, बॉडी काळवंडते.

बाहेर काढल्यावर लगेच स्वच्छ पाण्यात बुडवून धुवा आणि लगेच हवा मारा. कॉम्प्रेसर नसेल तर पंक्चरवाल्याकडे घेऊन जा, तो देतो. चष्मा घाला, जेटमधून उडालेला थेंब सरळ डोळ्यात येतो. प्रत्येक भोकातून हवा मारायची आणि दुसरीकडून बाहेर येते का ते बोटाने तपासायचं, हीच खरी परीक्षा. जेट उजेडाकडे धरा, गोल स्वच्छ भोक दिसलं पाहिजे, सुई किंवा स्टीलची तार घालू नका, भोक मोठं झालं की मिक्श्चर बिघडलं. ऑगस्टमध्ये ऊन कुठलं, तेव्हा हेअर ड्रायर वापरा, ओली बॉडी रात्रभर ठेवली तर सकाळी जस्तावर पांढरी पावडर पुन्हा हजर.

जोडताना नवीन ओ-रिंगा आणि बाऊल गॅस्केट घाला, जुनी फुगलेली परत बसत नाहीत. मिक्श्चर स्क्रू लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवर. इंजिन चांगलं तापल्यावर थोडं आत-बाहेर करत जिथे आयडलिंग सगळ्यात सरळ लागतं तिथे सोडा. स्क्रू एअर बॉक्सच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्याने मिक्श्चर पातळ होतं, इंजिनच्या बाजूला असेल तर उलट, पेट्रोल वाढतं. एवढं करूनही आयडलिंग वर-खाली होत असेल तर कार्ब आणि इंजिनमधला रबरी मॅनिफोल्ड बघा, उन्हापावसाने त्याला चिरा पडतात.

वापरलेलं काळं पाणी मात्र विहिरीजवळ ओतू नका हां, आपला चिऱ्याचा दगड सगळं आत झिरपू देतो. डब्यात भरून ठेवा आणि वापरलेलं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजमध्ये विचारा, ते घेतील तर बरं.